ताडपत्रीवरच्या पोळ्या

"कुणाची गं तू?"

दुरडी डोक्यावर होती, दोन्ही हातांनी धरलेली. त्यामुळं वर बघता येईना. विचारणाऱ्याचे पाय तेवढे दिसत होते. धुतलेले, भेगा नसलेले पाय.

मी बापाचं नाव सांगितलं.

"मेंढरवाल्याची व्हय? मग हिकडं कुठं घुसायलीस? मागं गोणपाट हाय. त्याच्यावर टाक जा."

मी नऊ वर्षांची होते. सोनपेठ तालुक्यातल्या आमच्या गावात सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. सात दिवस मंदिरात कीर्तन, आठव्या दिवशी काला आणि गावजेवण. आमटी आणि बुंदी मंदिरात शिजायची, पोळ्या घरोघरून यायच्या. आमची वस्ती गावाबाहेर, मेंढरांच्या वाड्याला लागून. एरवी आम्ही ज्वारीची भाकरी खाणारी माणसं. त्या दिवसासाठी मायनं गहू आणला, निवडला, गिरणीतून दळून आणला. तवा राखेनं घासला. आठ दिवस घरात मटण शिजलं नव्हतं. पहाटे न्हाऊन ओल्या केसांनी ती पोळ्या लाटायला बसली. त्यातली एकही आम्हाला दिली नाही. धाकटा भाऊ रडला तर त्याच्या हातात शिळी भाकरी दिली.

त्या पोळ्या मी गोणपाटावर टाकल्या.

तिथं आणखी होत्या. मातंगांच्या, आमच्यासारख्या इतरांच्या. गोणपाट मंदिराच्या मागं, हौदाजवळ अंथरलेलं. मायच्या पोळ्या आत कधी नेतात ते बघायला मी थांबले. ऊन कलेपर्यंत थांबले. मग एका गड्यानं सगळ्या पोळ्या पाटीत भरल्या आणि बैलांपुढं टाकल्या. एक बाजूला पडली. ती कुत्र्यानं नेली.

घरी येऊन मायला सांगितलं. ती मग म्हणाली, "गायीबैलाच्या पोटात देव असतो. पोचलं म्हणायचं."

बाप खाटेवर पडला होता. तो हसला. "पोचलं की. गेल्या अमावशेला, हिला गोणपाट दावणाऱ्या त्याच मालकाच्या मागच्या दारानं बोकड पोचवून आलो. तवा न्हाई इचारलं त्यानं, कुणाचं म्हणून."

"गप बसा. पोरीला कायबी शिकवू नका."

इथपर्यंत सांगितलं की ऐकणारे हळहळतात. मला ती हळहळ घ्यायची लाज वाटते. कारण त्या दिवशी मला राग आला नाही. मला हाव सुटली. एक दिवस माझी पोळी आत जाईल, असं मी ठरवलं. गोणपाट मुळात का अंथरलंय, हे मनातसुद्धा विचारलं नाही. मला फक्त त्याच्यावरून उठायचं होतं.

आणि मी उठले.

लग्न होऊन गंगाखेड तालुक्यात आले. इथून गंगा दिसते. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. चारी बाजूंनी ऊस. नवऱ्याची थोडी जमीन, वीसेक शेळ्या. मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. त्याला बरीच वर्षं झाली. भरलेलं पातेलं उतरवायला दोघी लागतात, मी एकटी उतरवते. मला रडत बसायची सवय नाही. काम समोर असलं की करून टाकायचं.

इथला सप्ताह मोठा. मंदिराचा कारभार अण्णांकडं. गावातला सगळ्यात जास्त ऊस त्यांचा, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. इथं गोणपाट नव्हतं, निळी ताडपत्री होती. नियम सांगायची रीतही सुधारलेली. जात कुणी तोंडावर काढायचं नाही. "माळकऱ्यांच्या घरच्या पोळ्या पंगतीला, बाकीच्यांच्या गायींना." एवढंच. माळकरी म्हणजे माळ घातलेला, मटण आणि दारू सोडलेला. ऐकायला किती सरळ. ज्याची भक्ती त्याची पोळी.

मी माळ घातली.

भक्ती अजिबात नव्हती असं म्हणणार नाही. हरिपाठ म्हणताना मला बरं वाटायचं, आजही वाटतं. पण माळ घातली त्याच वर्षी माझी पोळी पहिल्यांदा आत गेली, आणि त्या दिवशी जो आनंद झाला त्यात देव कुठंच नव्हता. मी मागं वळून ताडपत्रीकडं बघत होते. तिथं कोण कोण राहिलंय ते.

मातंग वस्तीतल्या दोघांनीही माळ घातली होती. त्यांच्या पोळ्या तरीही ताडपत्रीवरच जायच्या. "मन पक्कं झालेलं न्हाई अजून त्यांचं," अण्णा म्हणायचे. मी मान हलवायचे. माझं मन कधी पक्कं झालं, हे अण्णांनी कशावरून ओळखलं, ते मी विचारलं नाही.

काही वर्षांनी अण्णा म्हणाले, "बाई, पोळ्यांच्या दारावर आता तुमीच ऱ्हावा. तुमाला घरं माहीत हायेत."

होती माहीत. शाळेमुळं गावातलं प्रत्येक पोर माझ्या ओळखीचं. शाळेत मी कुणाचं ताट कधी वेगळं केलं नाही. तिथं सरकारचा नियम होता. मंदिराच्या दारात माझी मर्जी होती. मर्जी हातात आल्यावर मी काय केलं, ते आता सांगते.

सासूला लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जीभ मात्र तिखटच राहिली. दोन वर्षं ती खाटेवर होती. मी दिवसभर शाळेत, संध्याकाळी मंदिरात. नवरा शेळ्यांमागं. सासूचं सगळं सुमनमावशी करायची. मातंग वस्तीतली, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, एकटी बाई. तिला आम्ही बोलावलं नव्हतं. एक दिवस ती घरावरून चालली होती, सासू आतून ओरडत होती, घरात कुणी नव्हतं. ती आत आली, सासूला धुतलं, लुगडं बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग येतच राहिली. मी धान्य दिलं तर घ्यायची, जुनं लुगडं दिलं तर घ्यायची. नाही दिलं तरी यायची.

मी सासूची खाट पडवीत हलवली. माघाचं वारं होतं. लोकांना सांगितलं, म्हातारीला उजेड लागतो. खरं कारण वेगळं होतं. खाट आतल्या खोलीत असती तर सुमनमावशीला घर ओलांडून जावं लागलं असतं. पडवी आणि न्हाणी, एवढी तिला मोकळीक. पाण्याचा माठ मी उचलून चुलीपाशी ठेवला. सासूला ती हातानं भरवायची, तिची बोटं सासूच्या तोंडात जायची, आणि माठाला तिनं शिवायचं नाही. मी घरी नसताना सासूला तहान लागली तर ती काय करत असेल, हा विचार मला आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. नंतर कळलं की ती कोपऱ्यावरच्या हापशावरून तांब्या भरून आणायची.

एका रविवारी मी खाटेपाशी जप करत बसले होते. सासू म्हणाली, "बंद कर ते. तुझा देव मला कूस बदलून देतो का? सुमनला हाक मार."

सुमनमावशी न्हाणीतून आली. "जपू दे की गं म्हातारे. तुझ्या वाटणीचं बी पुण्य करायलीय ती."

"मग तू का करंना?"

"मला येळ कुठंय? दिवसातून चारदा वल्लं करतीस तू."

दोघी खदाखदा हसल्या. मलाही हसू आलं होतं. मी ते दाबलं. माळेचा मणी सुटू नये म्हणून.

मी नाम घ्यायचे आणि ती गू काढायची. दोन वर्षं असं चाललं. आत काहीतरी टोचायचं, पण मी कामाची बाई, टोचणीला सवड देत नाही.

सासू पौषात गेली. चैत्रात सप्ताह बसला.

त्या वर्षीचे महाराज तरुण होते. आवाज खणखणीत. सहाव्या दिवशी त्यांनी विषय घेतला, माणूस तरतो कशानं. देव कुणाला जवळ करतो.

"नुसतं चांगलं वागून काय होतंय? चांगलं तर बैलबी वागतो. सांगाल तिकडं जातो, मारलं तरी राबतो. म्हणून त्याला वैकुंठ मिळतं का? भाव पायजे माउली, भाव! भाव असंल तर पापीबी तरतो. आन् भाव नसंल तर जलमभर सेवा करा. ती सेवा न्हाई. ती मजुरी!"

मांडव टाळ्यांनी भरला. मीही वाजवल्या. सुमनमावशी कनातीबाहेर उभी होती, कडेला. 'मजुरी' म्हणताना माझी नजर आपोआप तिच्याकडं गेली. ती कुणाच्या तरी लेकराचं नाक पुसत होती.

आणि मला बरं वाटलं. हे सांगायलाच हवं. दोन वर्षं जे टोचत होतं ते त्या एका वाक्यानं थांबलं. तिनं केली ती मजुरी, मी केला तो भाव. सासूला धुतलं तिनं, पण देवाच्या जवळ मी. एवढी सोपी सोय मला दुसऱ्या कुणी करून दिली नसती.

काल्याच्या दिवशी सकाळपासून मी दारावर होते. पदर खोचलेला, कपाळाला बुक्का. बाया येत होत्या. मी नुसती मान हलवायचे, इकडं, तिकडं. विचारायचीही गरज पडत नव्हती. ज्यांच्या पोळ्या तिकडं जायच्या त्या बाया न थांबता तिकडंच जायच्या.

सुमनमावशी आधी कधी पोळ्या घेऊन आली नव्हती. त्या दिवशी आली. सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"म्हातारीच्या नावानं आणल्यात," ती म्हणाली. "तिला मऊ लागायच्या."

दुरडी तांबड्या काठाच्या फडक्यानं झाकली होती. सासूच्या लुगड्याचं फडकं. मीच तिला दिलेलं लुगडं.

अण्णा माझ्या मागं उभे होते. ते काही बोलले नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर काही जण म्हणाले की अण्णांनी बाईला करायला लावलं. नाही. मी वळूनही बघितलं नाही. सवयीनं, भांड्यावर झाकण टाकावं तसं मी बोलले.

"मावशी, ताडपत्रीवर ठेवा."

तिनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही.

"बरं," ती म्हणाली.

बाकीच्या बाया ताडपत्रीवर पोळ्या पालथ्या करून रिकामी दुरडी घेऊन जायच्या. तिनं दुरडीसकट ठेवली. फडकं चारी बाजूंनी खोचलं. "माशा बसतेत. दुरडी नंतर नेते," म्हणाली, आणि गेली.

दुपारी शेजारच्या दोन गावांची माणसं ट्रॅक्टर भरभरून आली. पंगतीवर पंगती उठल्या. महाराजांची रीत अशी की सगळ्यांचं झाल्यावर बसायचं, टाळकऱ्यांबरोबर. ते बसले तेव्हा आत पोळ्या संपल्या होत्या. बुंदी होती, आमटी होती, पोळी नव्हती. अण्णा घामाघूम. आत बघितलं, बाहेर बघितलं, मग माझ्याजवळ आले.

"बाई, ती झाकलेली दुरडी आणा आत."

"अण्णा, ती ताडपत्रीवरची हाय."

"मला दिसायलंय. पोळीवर नाव लिव्हलंय का?"

सकाळपासून ताडपत्रीवरच्या पोळ्या उघड्या पडल्या होत्या, धूळ आणि माशा. झाकलेली ती एकच दुरडी. म्हणून ती निवडली गेली. मी ती उचलली. आत नेली. महाराजांच्या ताटात माझ्या हातानं पोळी वाढली.

त्यांनी घास घेतला, दुसरा घेतला. "वा," म्हणाले. "पोळी अशी पायजे. आणखी एक वाढा." मग वर बघितलं. "कुठल्या माउलीच्या हातच्या?"

अण्णांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या आमच्या बाईंच्या. माळकरी हायेत. शाळंत सैपाक करतेत."

"तुमच्या का?" महाराजांनी मला विचारलं.

अण्णांनी नुसतं बोट केलं होतं. 'हो' मी म्हणाले.

महाराजांनी शेजारचा माईक ओढला. बसल्या जागेवरून बोलले. "बघा मंडळी. पोळी सगळेच करतेत. पर भाव असला की पोळीबी बोलती." त्यांनी मला पुढं बोलावलं. त्यांना मिळालेली शाल माझ्या खांद्यावर टाकली, हातात नारळ दिला. बायांनी टाळ्या वाजवल्या. नऊ वर्षांची असल्यापासून जे हवं होतं ते सगळं मला त्या क्षणी मिळालं होतं. आणि ते दुसऱ्या बाईचं होतं.

सुमनमावशी दुरडी न्यायला आली होती. ताडपत्रीवर दुरडी दिसली नाही म्हणून मांडवाच्या तोंडाशी आली. माईकवरचं तिनं ऐकलं असणार. ऐकू न येण्यासारखं काही नव्हतंच.

"बाई," ती म्हणाली, "दुरडी रिकामी झाली असंल तर द्या माझी. उद्या बाजाराला न्यायचीय."

आवाज साधा. टोमणा नाही, रडणं नाही. पण पंगतीतल्या सगळ्यांनी आधी तिच्याकडं बघितलं आणि मग महाराजांसमोरच्या दुरडीकडं.

"ही हिची दुरडी?" कुणीतरी म्हणालं.

अण्णा हुशार. लगेच म्हणाले, "बाईंनी मागून आणली असंल. दुरड्या मागून नेतेतच की बाया. हाय ना बाई?"

वाट मोकळी होती. फक्त मान हलवायची. दिवसभर तेच तर करत होते. सुमनमावशी माझ्याकडं बघत होती. त्या बघण्यात मागणं नव्हतं. मी काय म्हणेन ते तिला माहीत असल्यासारखं ती बघत होती. तिला दोन वर्षांत मी पुरती कळले होते. तिनं मला किती खालचं धरलंय ते मला दिसलं, आणि ते बरोबर होतं.

"न्हाई," मी म्हणाले. "दुरडीबी हिची, पोळ्याबी हिच्या. मी खोटं बोलले."

माईक चालूच होता. ते सगळ्या गावानं ऐकलं.

महाराजांचा हात ताटात थांबला. पुढची पोळी त्यांनीच मागून घेतली होती, तिचा तुकडा मोडलेला होता. त्यांनी तो तुकडा हळूच खाली ठेवला. "झालं माझं," म्हणाले. दोन टाळकरी उठले, कोपऱ्यात जाऊन चुळा भरायला लागले. आवाज करून.

अण्णांचा चेहरा लाल झाला. "मेंढरामागं फिरणारीला देवाच्या दारात उभं केलं. माळ घातली म्हणून माणूस बदलत न्हाई. चूक माझीच."

एवढ्या वर्षांच्या हरिपाठानंतर मी पुन्हा मेंढरवाल्याची. एका वाक्यात. मला वाटलं होतं मी गोणपाटावरून उठले. मी उठले नव्हते. अण्णांनी मला तात्पुरतं उचलून हातात धरलं होतं, इतरांना हाकायला.

मी शाल काढली. नारळ महाराजांच्या ताटाशेजारी ठेवला.

"महाराज, तुमी म्हणला होता भाव लागतो. ह्या पोळीत काय कमी पडलं?"

"माउली, शास्त्र मोठं हाय. तुमाला न्हाई कळायचं."

"मला पोळी कळती," मी म्हणाले. "तुमाला ती गोड लागली हुती."

सुमनमावशी पुढं आली, महाराजांसमोरची दुरडी उचलली. तळाला चार-पाच पोळ्या राहिल्या होत्या. "उरल्यात त्या शेळीला घालते," ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही. फडकं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि चालायला लागली. माझ्याकडं बघितलं नाही.

घरी नवरा म्हणाला, "चांगलं केलंस का वाईट केलंस मला कळंना. पर अण्णा सोडायचा न्हाई." तो खरं बोलला. शाळेच्या समितीत अण्णांची माणसं आहेत. स्वयंपाकाचं काम दुसऱ्या कुणाला द्यायचं बोलणं तेव्हापासून सुरू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुमनमावशीच्या घरी गेले. पहिल्यांदा. दोन वर्षं ती रोज माझ्या घरी आली, मी तिच्या दारात पाय ठेवला नव्हता. ती शेळीला पाला टाकत होती.

"मावशी, चुकलं माझं."

"कोन्तं?" तिनं विचारलं.

मला वाटलं होतं एकच आहे. मी दारावरचं सांगितलं. मग ते 'हो' म्हटलेलं. ती पाला टाकत राहिली. मग मी माठाचं बोलले. मग खाट पडवीत का नेली, ते.

खाटेचं ऐकून ती थांबली. "ते मला ठाव हुतं. म्हातारीला बी ठाव हुतं. थंडीनं कुडकुडायची. मी म्हणलं, सुनंला सांग, आत घे म्हणावं. तर म्हणली, आत नेलं तर ती तुला यायचं बंद करंल. ऱ्हाऊ दे हितंच."

दोन हिवाळे. म्हातारी दोन हिवाळे पडवीत कुडकुडली, तोंडातून शब्द काढला नाही. एरवी प्रत्येक गोष्टीला तोंड लावणारी बाई. मला वाटत होतं लकव्यानं तिला थंडी कळत नाही.

"माफ करा मला," मी म्हणाले. सुमनमावशीला त्याचं काही वाटलं नाही.

"बाई, तुमाला पुण्य लागतं. काल माळंनं मिळंल वाटत हुतं, आज माफीनं मिळंल वाटायलंय. माझ्यापाशी न्हाई ते. तुमी खरं बोललात, पर पोळ्या खाऊन झाल्यावर."

मी मग विचारलं, कारण मला खरंच माहीत नव्हतं. "तुमी कशासाठी केलं तिचं एवढं?"

तिला प्रश्न कळेना. तिनं माझ्याकडं निरखून बघितलं, मी चेष्टा करतेय की काय म्हणून.

"वल्ली पडली हुती," ती म्हणाली. "वल्ल्यात माणूस ठिवतेत का?"

बसा म्हणाली नाही. मी उभ्यानंच परत आले. रस्त्यानं एक-दोघींनी विचारलं, झालं का समाधान. मी सांगितलं, नाही.

देव भावावर देतो की वागण्यावर, ते मला अजून कळलेलं नाही. महाराजांना कळलं असेल तर असो. मला एवढं कळलंय की हा प्रश्न जो विचारतो त्याचा हात आधीच पसरलेला असतो. माझा होता. माझा जप, माझी माळ, दारावरचा माझा मान, दुसऱ्या दिवशीची माझी माफी, सगळं हात पसरून केलेलं. सुमनमावशीचे हात दोन वर्षं सासूच्या अंगाखाली होते. पसरायला मोकळे नव्हतेच.

माळ अजून माझ्या गळ्यात आहे. काढली असती तर काही लोकांनी वा म्हटलं असतं, आणि मला तेही आवडलं असतं. म्हणून काढली नाही. हरिपाठ म्हणते, घरी, कामं आवरल्यावर. मंदिरातल्या बायका शेजारी बसत नाहीत.

येत्या चैत्रात पुन्हा सप्ताह आहे. मागच्या आठवड्यात अण्णांचा निरोप आला. झालं गेलं सोडा, महाराजांची सगळ्यांसमोर क्षमा मागा आणि दार पुन्हा सांभाळा. शाळेच्या कामाचंही बघू. निरोप्याला मी चहा दिला आणि सांगितलं, "अण्णांना म्हणावं, क्षमा मागणार न्हाई. दारावर मातर येणार."

मी जाणार आहे. बोलावलं नाही तरी जाणार. येईल ती पोळी आत जाईल. ताडपत्री अंथरली तर गुंडाळीन. पुन्हा अंथरली तर पुन्हा गुंडाळीन. मला तिथून काढायचं असेल तर दंडाला धरून, सगळ्या गावासमोर काढावं लागेल, आणि काढताना का काढतोय ते तोंडानं सांगावं लागेल. माळकरी वगैरे म्हणून चालणार नाही. जात उच्चारावी लागेल. शाळेचं काम जायचं असेल तर जाईल. शेळ्या राखता येतात मला.

सुमनमावशी पोळ्या आणणार नाही. तिनं तसं सांगितलंय. मी दारात उभी राहिल्यानं तिला काही मिळणार नाही, माझं केलेलं पुसलं जाणार नाही, आणि म्हातारीचे दोन हिवाळे परत येणार नाहीत. तरी मी उभी राहणार. तिथं माणसं वेगळी काढायचं काम मी माझ्या हातांनी केलंय. ते बंद पाडणंही माझ्याच हातांचं काम आहे.

त्याचं काही फळ वर कुठं ठेवलेलं असेल, तर ते मी घेणार नाही.